वेबसॉकेट आणि लॉगिन: एक जुना गैरसमज

वेबसॉकेट म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं उघडं राहणारं दुतर्फा कनेक्शन. ‘युजर साइटवर लॉगिन आहे, म्हणजे त्याचं वेबसॉकेटही सुरक्षित आहे, परक्या साइटला ब्राउझर अडवेलच.’ हे वर्षानुवर्षं ऐकतो आहे. ते चूक आहे, आणि धोकादायकही.

वेबसॉकेटची सुरुवात साध्या एचटीटीपी गेट रिक्वेस्टने होते. कॉर्सचे, म्हणजे एका साइटने दुसरीची उत्तरं वाचण्यावरचे ब्राउझरचे, नियम तिला लागू नाहीत. कुकीवर (ब्राउझरने जपलेल्या लॉगिनच्या खुणेवर) सेमसाइटचं, म्हणजे परक्या साइटवरून ती न पाठवण्याचं, बंधन नसेल, तर परक्या पानावरची स्क्रिप्टही तुमच्या सर्व्हरशी कनेक्शन उघडू शकते आणि ब्राउझर युजरची कुकी मुकाट जोडून देऊ शकतो. मग ते पान युजरच्या नावाने संदेश पाठवतं, शिवाय आलेली उत्तरंही वाचतं! ब्राउझर फक्त ‘ओरिजिन’ हेडर, म्हणजे रिक्वेस्ट कुठल्या साइटवरून आली ते सांगणारी ओळ, पाठवतो. ते तपासणं सर्व्हरचं काम. २०११ च्या आरएफसी ६४५५ या वेबसॉकेटच्या प्रमाण दस्तऐवजात ओळख पटवण्याची वेगळी पद्धत ठरवलेलीच नाही.

ब्राउझरच्या वेबसॉकेट एपीआयमधून (स्क्रिप्टला मिळणाऱ्या सोयीतून) ओळखीचा पुरावा नेणारं ऑथरायझेशन हेडर लावता येत नाही, म्हणून अनेकजण टोकन, म्हणजे ओळखीचा गुप्त कोड, यूआरएलमध्ये घालतात. ते सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) उतरतं. त्यापेक्षा काही सेकंदांत बाद होणारं, एकदाच चालणारं तिकीट द्या, किंवा टोकन पहिल्या संदेशात मागा.

आणि ओळख पटली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. कनेक्शन तासन्‌तास उघडं राहतं. मधल्या काळात युजरचे अधिकार काढले गेले असतील. प्रत्येक संदेशावर अधिकार तपासा, लॉगआउट होताच सॉकेट बंद करा.