सुवार्तिकाच्या सभेत खिसा रिकामा का होतो?

जॉर्ज व्हाइटफील्ड हा इंग्रज सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारक, १७३९ साली फिलाडेल्फियात आला, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन त्याला ऐकायला गेला. फ्रँकलिन प्रत्येक गोष्ट मोजून बघणारा माणूस. व्हाइटफील्ड कोर्टाच्या पायऱ्यांवरून बोलत असताना फ्रँकलिन त्याचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत नदीच्या दिशेने मागे मागे चालत गेला. त्या अंतराचं अर्धवर्तुळ कल्पून त्याने माणशी दोन चौरस फूट जागा धरली आणि हिशेब केला : तीस हजारांहून जास्त लोकांना हा आवाज पोचू शकतो.

दुसऱ्या एका सभेत मात्र हाच हिशेबी माणूस हरला. जॉर्जियात अनाथाश्रम बांधायची व्हाइटफील्डची योजना त्याला पटलेली नव्हती, म्हणून एक छदामही द्यायचा नाही असं ठरवून तो उभा होता. खिशात मूठभर तांब्याची नाणी, तीन-चार चांदीचे डॉलर आणि सोन्याची पाच नाणी होती. प्रवचन रंगत गेलं तसं त्याचं मन पाघळलं आणि तांबं द्यायला हरकत नाही असं वाटू लागलं. आणखी एक वाक्य कानावर पडलं, त्याला स्वतःची लाज वाटली आणि चांदी द्यायचं ठरलं. शेवट इतका जबरदस्त झाला की सोन्यासकट सगळा खिसा वर्गणीच्या ताटात रिकामा झाला. हे त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय.

हा क्रम नीट पाहा. आधी तांबं, मग चांदी, मग सोनं. एकदम सोनं मागितलं असतं तर फ्रँकलिन पाठ फिरवून निघून गेला असता.

हे तंत्र उघडपणे मांडलं चार्ल्स फिनी या अमेरिकन सुवार्तिकाने. धार्मिक पुनरुज्जीवन, म्हणजे लोकांत श्रद्धेची लाट उसळणं, हा चमत्कार नव्हे, योग्य साधनं वापरली की ते घडतं, असं त्याने १८३५मध्ये छापील व्याख्यानांत सांगितलं. त्याचं एक साधन म्हणजे पुढचा बाक. ज्याचं मन डळमळतंय त्याने उठून सगळ्यांदेखत तिथे येऊन बसायचं. शरीर एकदा चार पावलं चाललं की मन त्या पावलांचं समर्थन शोधू लागतं.

आजच्या मोठ्या सभांमध्ये हीच शिडी जास्त पायऱ्यांची झाली आहे. सुरुवातीला बराच वेळ समूहगान, तेही आधी टाळ्यांचं आणि जलद, नंतर संथ आणि पुन्हा पुन्हा तीच ओळ घोळवणारं. एकत्र गाताना श्वास एका लयीत येतात. एका तालात केलेल्या हालचालीनंतर वेदना सोसायची क्षमता वाढते आणि शेजारचा परका माणूस आपला वाटतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. भजनाचा ठेका चढत गेल्यावर काय होतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग दिवे मंद होतात आणि की-बोर्डचा एक लांबलेला सूर बोलण्याखाली चालू राहतो. ‘डोळे मिटा, मान खाली घाला, फक्त हात वर करा.’ हात वर करणं हे तांबं. नंतर, ‘ज्यांनी हात वर केला त्यांनी पुढे या.’ बिली ग्रॅहम या अमेरिकन सुवार्तिकाच्या सभांमध्ये पुढे येणाऱ्यांसोबत आधीपासून प्रशिक्षण दिलेले समुपदेशकही उठून चालत. हेतू आधार देण्याचा होता, पण बसलेल्याला दिसायचा तो लोंढा. आणि लोंढ्यात पाऊल टाकणं सोपं असतं.

पण सगळं श्रेय वक्त्याच्या जिभेला देणं चूक आहे. डेन्मार्कमधल्या आर्हूस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. प्रार्थनेने आजार बरे होतात असं मानणारे ख्रिस्ती आणि श्रद्धा नसलेले लोक, अशा दोन गटांना एमआरआय यंत्रात झोपवून प्रार्थना ऐकवल्या. काही आवाज ख्रिस्ती नसलेल्यांचे, काही साध्या ख्रिस्ती माणसांचे आणि काही रोग बरे करण्याची शक्ती असलेल्यांचे आहेत असं सांगितलं. प्रत्यक्षात सगळे बोलणारे साधे ख्रिस्तीच होते. ‘शक्ती असलेला’ बोलतोय असं कळताच श्रद्धाळूंच्या मेंदूत कपाळामागचा, पडताळून पाहणारा भाग मंदावला. श्रद्धा नसलेल्यांत तसा फरक दिसला नाही. प्रयोग लहान आहे, तरी मला तो फार मोलाचा वाटतो. वक्त्याच्या नावामागची कीर्ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच काम करत असते.

वक्ता मध्यभागी नसला तरी लाट येते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये पुनरुज्जीवनासाठी रोज प्रार्थना करायला मुलींना बोलावलं. सुरुवातीला ७० जणी आल्या, पुढे रोज दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० झाली. जूनअखेर लाट फुटली. मुली रडू लागल्या, अंगात आग पेटल्यासारखं वाटतंय असं सांगू लागल्या. त्यामागे महिनोन्‌महिन्यांची अपेक्षा होती आणि एकमेकींच्या रडण्याचा आवाज होता. त्या भावना खोट्या नव्हत्या. दुष्काळातून वाचलेल्या कित्येक मुलींच्या मनात रडायला पुष्कळ काही साठलेलं होतं.

घात होतो तो प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभांमध्ये. उत्तेजित शरीरात अॅड्रेनलिन आणि मेंदूची स्वतःची वेदनाशामकं वाढतात. सांधा दुखेनासा होतो, माणूस काठी फेकून चालतो. हा परिणाम फार काळ टिकत नाही आणि झिजलेलं हाड तसंच राहतं. विल्यम नोलन या अमेरिकन शल्यविशारदाने कॅथरीन कुलमन या अमेरिकन सुवार्तिक बाईंच्या अशा सभांत ‘बऱ्या झालेल्या’ २३ जणांचा नंतर माग काढला. त्यात मणक्याचा कर्करोग असलेली एक बाई होती. सांगितल्याबरोबर तिने कंबरेचा आधारपट्टा काढून फेकला आणि ती मंचावर धावली. दुसऱ्या दिवशी तिचा मणका खचला. चार महिन्यांनी ती गेली.

त्या क्षणी तिला दुखत नव्हतं, हे खरंच होतं. म्हणून अशा सभेला निघालेल्या घरच्या माणसाशी श्रद्धेवरून वाद घालू नये. पट्टा, इन्सुलिन, फिटच्या गोळ्या पुढची तपासणी होईपर्यंत बंद करायच्या नाहीत, एवढं एकच वचन सभेला जाण्याआधी घ्यावं. परत आल्यावर ते मिळणं कठीण असतं.