उपकर नको, अनुदान चालेल: सार्वजनिक वाचनालयांच्या चालू खर्चाची पार्श्वभूमी

थकलेला हप्ता, अनुदानवाढ आणि ग्रंथपालांची वेतनश्रेणी यांवर दर अधिवेशनाच्या सुमारास बातम्या येतात. त्या महाराष्ट्रातल्या अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांविषयी असतात. ही ग्रंथालये सरकारची नाहीत. त्या गावोगावच्या नोंदणीकृत संस्था आहेत. अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष बिनपगारी काम करतात आणि पगार मिळतो तो ग्रंथपालाला, फार तर एखाद्या लिपिकाला आणि शिपायाला. संस्था खाजगी, सेवा सार्वजनिक आणि पैसा अर्धामुर्धा सरकारी, अशी ही रचना आहे. ती कुणी ठरवून आखलेली नाही. जे होते ते मोडायचे नाही, असे ठरले आणि त्यातून ती तयार झाली.

एकोणिसाव्या शतकाबद्दल फार लिहायची गरज नाही. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे. यांतली बरीचशी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने सुरू झाली. इमारत संस्थानिकाच्या किंवा सावकाराच्या देणगीतून, चालू खर्च सभासदांच्या मासिक वर्गणीतून, वर नगरपालिकेची थोडीफार मदत, असा साधारण हिशोब असे. आजही दुखणे तेच आहे. बांधकामाला देणगीदार मिळतो, चालू खर्चाला मिळत नाही. कोनशिलेवर नाव कोरता येते, वीजबिलावर येत नाही.

चालू खर्चाचा वेगळा विचार पहिल्यांदा बडोदे संस्थानात झाला. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला बोलावून ग्रंथालय खाते उभे केले. गावाने वर्षाला ठरावीक रक्कम जमवली की संस्थान आणि स्थानिक पंचायत आपापला हिस्सा घालणार, असा खेड्यांसाठीचा नियम होता. लोकांनी आधी स्वतःचा हिस्सा दाखवायचा, मग वरून मदत, ही कल्पना पुढे अनेक रूपांत परत येत राहिली. मुंबई प्रांतात सरकारने ग्रंथालयांसाठी नेमलेल्या फैझी समितीने १९४० मध्ये टप्प्याटप्प्याची योजना दिली. स्वातंत्र्याच्या आगेमागे तिच्या आधाराने जिल्हा, तालुका आणि पेटा (तालुक्याहून लहान महसुली विभाग) पातळीवरच्या, आधीपासून चालू असलेल्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले. नवी सरकारी वाचनालये काढण्यापेक्षा असलेल्यांना टेकू द्यावा, हा कल तेव्हाच दिसतो.

खरा वाद १९६७ च्या कायद्याचा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १ मे १९६८ पासून अमलात आला. त्याआधी मद्रास (१९४८), हैदराबाद (१९५५), आंध्र (१९६०) आणि म्हैसूर (१९६५) यांचे कायदे झाले होते. मद्रास, आंध्र आणि म्हैसूर या तिन्ही राज्यांनी ग्रंथालय उपकर लावला. मालमत्ता करावर ठरावीक अधिभार, तो स्थानिक संस्थेने गोळा करायचा आणि ग्रंथालयांसाठी वेगळा ठेवायचा. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन आयुष्यभर हेच सांगत होते: उपकर नसेल तर ग्रंथालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दारात उभे राहील. महाराष्ट्राने उपकर घेतला नाही. त्याऐवजी ‘ग्रंथालय निधी’ काढला आणि राज्य सरकारने त्यात दरसाल किमान २५ लाख रुपये घालावेत असे कायद्यातच लिहिले.

उपकर टाळण्यामागे कराची भीती होती, हे स्पष्टीकरण पटत नाही. याच राज्याने १९६२ मध्ये शिक्षण उपकर लावला, पुढे त्यालाच रोजगार हमीचा जोडला आणि १९७५ नंतर वृक्ष उपकरही आणला. शहरातल्या घरपट्टीचे बिल उघडा, हे सगळे रकाने ओळीने दिसतील. शेजारच्या गोव्याने तर १९९३ च्या ग्रंथालय कायद्यात अधिभार लावला तोही मद्यावर! त्यावर हसणारे पुष्कळ, पण पैशाचा स्रोत कायद्याने बांधला गेला, हे नाकारता येत नाही.

अधिक पटणारे कारण मालकीचे आहे. उपकराच्या राज्यांत स्थानिक ग्रंथालय प्राधिकरणे आली आणि ग्रंथालये बहुतांशी सरकारी यंत्रणेत गेली. कर जनतेचा, मग इमारत, पुस्तके, नोकरवर्ग सगळे प्राधिकरणाचे. महाराष्ट्रात तोवर शंभर-सव्वाशे वर्षे जुन्या संस्था होत्या. त्यांची स्वतःची घटना होती, निवडणुका होत, व्याख्यानमाला चालत, आणि गावच्या राजकारणातही त्यांचे स्थान होते. त्यांना पैसा हवा होता, पण किल्ल्या द्यायच्या नव्हत्या. सरकारलाही बारा महिने चालणारी यंत्रणा स्वयंसेवकांच्या खांद्यावर राहिलेली सोयीचीच होती. हा सौदा दोन्ही बाजूंना मानवला. त्याची किंमत ग्रंथपालाने मोजली, असे आमचे मत.

उपकराच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट मात्र सहसा सांगत नाहीत: गोळा झालेला उपकर ग्रंथालयांपर्यंत पोचतोच असे नाही. कर्नाटकात मोठ्या शहराच्या महापालिकेने उपकर वसूल करून ग्रंथालय खात्याकडे भरलाच नाही, ही तक्रार तिथे वर्षानुवर्षे चालू आहे. शिवाय खेड्यातली घरपट्टी इतकी किरकोळ की तिच्या अधिभारातून वर्तमानपत्रांचे बिलही निघणार नाही.

पण २५ लाखांच्या तरतुदीचे काय झाले ते पाहा. ती रुपयांत लिहिलेली होती, महागाईला किंवा ग्रंथालयांच्या संख्येला बांधलेली नव्हती. बारा हजारांत वाटली तर एकेका ग्रंथालयाच्या वाट्याला २०८ रुपये येतील. प्रत्यक्षात सरकार त्याच्या कितीतरी पट देते, पण ते शासन निर्णयाने देते. कायद्याने मिळालेली हमी कागदावरच राहिली.

आज पैसा येतो तो १९७० च्या नियमांनुसार. ग्रंथालयाची जागा (जिल्हा, तालुका, इतर) आणि वर्ग (अ, ब, क, ड) यांवरून परिरक्षण अनुदानाची, म्हणजे चालू खर्चासाठीच्या वार्षिक मदतीची, कमाल रक्कम ठरते. २०१२ नंतरची वाढ थेट २०२२ मध्ये झाली, ६० टक्क्यांची. ‘इतर अ’ची रक्कम २,८८,००० वरून ४,६०,८०० झाली आणि ‘ड’ची ३०,००० वरून ४८,०००. मधल्या काळात नवी मान्यता आणि दर्जावाढ दोन्ही बराच काळ बंद होती. २०१२ च्या राज्यव्यापी पडताळणीत कागदावरची वाचनालये सापडली, हे त्याचे निमित्त. बोगस संस्था गाळल्या गेल्या ते बरे झाले, पण ‘ड’ वर्गात प्रामाणिकपणे वाढलेले वाचनालयही तिथेच अडकले.

अनुदान मान्य खर्चाच्या ९० टक्के, उरलेले १० टक्के संस्थेने घालायचे. म्हणजे २०२२ च्या दराने ४८,००० पूर्ण मिळवायचे तर ५३,३३३ रुपयांचा मान्य खर्च दाखवावा लागतो आणि त्यातले ५,३३३ गावातून उभे करावे लागतात. अनुदानाची निम्मी रक्कम वेतनावर, निम्मी वेतनेतर बाबींवर. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाला त्यातून वर्षाला २४,०००, म्हणजे महिना दोन हजार. वाढीपूर्वी हा पगार साडेबाराशे होता. उरलेल्या २४,००० मध्ये पाच दैनिके (रोजचे सरासरी पाच रुपये धरले तर वर्षाला नऊ हजारांच्या पुढे), वीज, नवी पुस्तके, बांधणी, स्टेशनरी आणि लेखापरीक्षकाची फी. पुस्तकांसाठी काय उरते ते ज्याने त्याने मोजावे.

रकमेइतकाच वेळेचाही जाच आहे. वर्ष एप्रिलला सुरू होते. पहिला हप्ता सहसा दिवाळीच्या आगेमागे आणि दुसरा मार्च संपता संपता येतो. वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशोब जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे वेळेत गेले नाहीत, तर तोही लांबतो. पहिले सहा महिने पगार आणि बिले संस्थेने आपल्या खिशातून भागवायची. म्हणून सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बचत खात्यात वेगळी असली पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती नसते आणि मग हात अनामतीकडे जातो.

अनामत हे सभासदाचे पैसे आहेत, उत्पन्न नव्हे. विश्वस्त संस्थेच्या ताळेबंदात (अनुसूची आठ) ती देण्यांच्या बाजूला बसते, उत्पन्न-खर्च पत्रकात (अनुसूची नऊ) तिचे नाव येता कामा नये. समजा ४०० सभासदांची प्रत्येकी २०० रुपये अनामत आहे, तर ८०,००० चे देणे झाले. ते मुदत ठेवीत असले पाहिजे आणि अनामत रजिस्टरची बेरीज ताळेबंदाशी जुळली पाहिजे. होते असे, की पगारासाठी ठेव मोडली जाते, हप्ता आल्यावर ती पुन्हा करायची राहून जाते, आणि एखाद्या वर्षी चाळीस-पन्नास सभासद एकदम नाव कमी करतात. मार्च २०२० ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाचनालये बंद होती तेव्हा अनेक ठिकाणी हेच झाले: वर्गणी थांबली आणि अनामत परत मागायला माणसे उभी राहिली.

आजीव सभासदत्वाचे गणितही असेच फसलेले. एकरकमी घेतलेले पैसे स्थायी निधीत टाकून फक्त व्याज वापरायचे, हा मूळ विचार. नव्वदीच्या दशकात बँका बारा टक्क्यांच्या आसपास व्याज देत, तेव्हा लाखाच्या निधीतून वर्षाला १२,००० सुटत. २०२० मध्ये तोच दर साडेपाचाच्या घरात आला. ज्यांनी पैसे निधीत ठेवले त्यांचे उत्पन्न निम्म्याहून खाली गेले, ज्यांनी त्याच वर्षी खर्चून टाकले त्यांच्याकडे आता फुकट वाचणारे सभासद तेवढे उरले.

देणगीचे नियमही गेल्या काही वर्षांत बदलले. २०१७ पासून ८०जी ची, म्हणजे देणगीदाराला मिळणारी प्राप्तिकराची, सवलत रोख देणगी २,००० रुपयांपर्यंत असेल तरच मिळते, म्हणून गणपतीत किंवा वर्धापनदिनी डबा फिरवण्यापेक्षा क्यूआर कोड लावलेला बरा. स्थायी निधीसाठीची देणगी असेल तर देणगीदाराचे तसे लेखी पत्र पावतीच्या स्थळप्रतीला जोडून ठेवावे. पत्र नसेल तर ती चालू उत्पन्नात धरली जाते. आणि नव्या कार्यकारिणीचा फेरफार अर्ज धर्मादाय कार्यालयात मुदतीत, म्हणजे ९० दिवसांत, द्यावा. तो प्रलंबित राहिला की बँक सह्या बदलायला खळखळ करते आणि आलेला हप्ताही खात्यात अडकून पडतो.

अलीकडे चालू खर्चाचा नवा आधार अभ्यासिका हा आहे. स्पर्धा परीक्षेची मुले महिना ठरावीक फी देतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात, पुस्तक मात्र क्वचितच घरी नेतात. तालुक्याच्या गावांत या फीचे उत्पन्न वाचक-वर्गणीच्या पुढे गेलेले दिसते. तक्रार एवढीच, की काही ठिकाणी मुक्तद्वार वाचन कक्षाची जागा हळूहळू या टेबलांनी खाल्ली आणि दैनिके व्हरांड्यात आली. तपासणीच्या वेळी यावर शेरा येतो, आणि यायलाच हवा.

अभ्यासिका सुरू करताना विजेकडे आधी पाहावे. महावितरणच्या दरपत्रकात ग्रंथालये आणि सार्वजनिक वाचनालये ‘सार्वजनिक सेवा’ या वर्गात मोडतात, तरी कित्येकांचे मीटर अजून जुन्या जागामालकाच्या नावाने व्यापारी दरावर चालू असते. नोंदणी प्रमाणपत्र, मान्यतेचे पत्र आणि कार्यकारिणीचा ठराव जोडून नाव आणि वर्ग बदलण्याचा अर्ज करावा. खालचा गाळा भाड्याने दिला असेल तर त्याला वेगळे मीटर घ्यावे, नाहीतर एका दुकानापायी अख्ख्या इमारतीला व्यापारी दर लागण्याची भीती असते.