मूळ रंग नेमके कोणते? ॲक्रिलिकच्या मिश्रण-सरावामागची पार्श्वभूमी

ॲक्रिलिक रंगांची मिश्रणे करत रंगसिद्धान्त शिकवण्याची पद्धत मुंबईच्या चित्रकला वर्गांत आता इतकी रुळली आहे, की तीत वादाचे काही असेल असे बाहेरच्याला वाटणार नाही. रंगचक्र, दुय्यम रंग, उष्ण-शीत हा भाग एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी केलेल्या प्रत्येकाच्या हातून गेलेला असतो, म्हणून तो येथे पुन्हा मांडलेला नाही. वाद आहे तो सरावाच्या पहिल्या दिवशी पॅलेटवर कोणत्या ट्यूब पिळायच्या याविषयी, आणि तो उभा राहतो ‘मूळ रंग’ या शब्दावर.

शब्द जुना आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात मूळ रंग पाच सांगितले असून त्यांत पांढरा आणि काळाही धरलेला आहे. त्यांच्या परस्पर मिश्रणाने शेकडो रंग होतात, असेही तेथे म्हटले आहे. तीन ही संख्या नंतरची आणि परदेशातली. लोलकातून निघणाऱ्या रंगांचे वर्तुळ १७०४ मध्ये लंडनमध्ये छापले गेले, ते सात भागांचे होते. पुढे त्याच शतकाच्या पूर्वार्धात एका मुद्रकाने लाल, पिवळ्या आणि निळ्या शाईचे ठसे एकावर एक उठवून रंगीत चित्रे छापून दाखवली, आणि तीन रंगांत सारे काही बसते हा समज पक्का झाला. प्रकाशाचे मिश्रण आणि रंगद्रव्यांचे मिश्रण या वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्यात प्रकाशाची भर पडते आणि दुसऱ्यात घट होते, हे १८५२ मध्ये एका जर्मन शास्त्रज्ञाने स्पष्ट केले. मुंबईत कलाशिक्षणाचे वर्ग सुरू झाले ते त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५७ मध्ये.

शाळेत मूळ रंगाची व्याख्या ‘जो इतर रंगांच्या मिश्रणातून करता येत नाही तो’ अशी शिकवली जाते. ॲक्रिलिकच्या ट्यूब हाती घेतल्या की ही व्याख्या दोन मिनिटांत कोसळते, कारण मॅजेंटा या निळसर झाकेच्या गडद गुलाबी रंगात पिवळा मिसळला की सरळ लाल तयार होतो, तेही चांगला झणझणीत. मग लाल मूळ कसा? या प्रश्नावर मॅजेंटा, सायन (हिरवट झाकेचा फिकट निळा) आणि पिवळा हेच खरे मूळ रंग असे उत्तर काही शिक्षक देतात. छपाईच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु मराठी कानाला ते पटत नाही. आपल्याकडे लाल, पिवळा, निळा ही रंगांची स्वतःची नावे आहेत. मॅजेंटाला मात्र गुलबक्षी म्हणावे लागते, म्हणजे फुलाचा आधार घ्यावा लागतो, आणि दादरच्या साडीच्या दुकानात तोच ‘राणी कलर’ होतो. ज्याला स्वतःचे नाव नाही तो मूळ आणि ज्याला आहे तो साधित, हे मुलांच्या गळी उतरवणे कठीण जाते. ‘प्राथमिक रंग’ हा पर्यायी शब्द पाठ्यपुस्तकी वाटला तरी या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. प्राथमिक शाळेत जसे पहिले धडे असतात तसे पहिल्यांदा हाताळायचे रंग, एवढाच दावा तो करतो. हा शब्द सरसकट स्वीकारला असता तर निम्मा वाद उद्भवलाच नसता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाद इतक्या उशिरा पेटण्याचे कारण रंगद्रव्यांच्या इतिहासात सापडते. हिरवट झाक असलेला, अत्यंत जोरकस थॅलो निळा १९३५ मध्ये बाजारात आला. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग चित्रकारांसाठी अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या मध्यावर तयार झाले. आणि स्वच्छ मॅजेंटा देणारी क्विनाक्रिडोन कुळातील द्रव्ये १९५८ मध्ये आली. म्हणजे छपाईतल्या त्रिकुटाच्या जवळ जाणारे टिकाऊ रंग आणि ॲक्रिलिक हे माध्यम जवळजवळ एकाच काळात हाती आले. शिकवणे मात्र मागेच राहिले. वायमारच्या कलाशाळेत १९१९ पासून शिकवलेल्या एका स्विस चित्रकाराचा ग्रंथ १९६१ मध्ये निघाला. त्यातील बारा भागांचे चक्र लाल-पिवळ्या-निळ्यावरच बेतलेले होते आणि जगभरच्या वर्गांत तेच भिंतीवर लागले. आपल्याकडे तर शालेय वयात हाताळणी पोस्टर कलरच्या बाटल्यांची; त्यांत मळकट जांभळा आला तरी दोष ब्रशाच्या पाण्यावर ढकलता येत असे.

ॲक्रिलिकमध्ये ही पळवाट राहत नाही. कार्डशीटवर डावीकडे शेंदरी लाल आणि मोहरीएवढा थॅलो निळा पॅलेट नाईफने एकजीव करावा, उजवीकडे किरमिजी आणि जांभळट झाकेचा निळा, म्हणजे अल्ट्रामरीन. दोन्ही मिश्रणे आधी काळपटच दिसतात. मग दोहोंत थोडा टायटॅनियम पांढरा घालावा: उजवीकडे वांग्याच्या फुलासारखा जांभळा उमलतो आणि डावीकडे ओल्या सिमेंटला तांबूस झाक यावी तसा काहीतरी रंग येतो. शेंदरी द्रव्य निळा प्रकाश शोषून घेते, थॅलो लाल प्रकाश शोषून घेतो, आणि जांभळ्याला नेमके हेच दोन लागतात. लाल आणि निळा मिळून जांभळा हे वाक्य पाठ केलेल्या मुलाला येथे पहिल्यांदा विचारावे लागते, की कोणता लाल आणि कोणता निळा.

यातूनच सहा ट्यूबचा तिसरा पक्ष पुढे आला: दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे, प्रत्येकात एक उष्णतेकडे आणि एक शीततेकडे झुकणारा, सोबत पांढरा. खर्च वाढतो, हा त्यावरचा आक्षेप खरा आहे, आणि परीक्षेसाठी जुने त्रिकूट पुरते हाही. परंतु चूक कोठे झाली हे विद्यार्थ्याला स्वतः शोधता येते ते याच पद्धतीत; उरलेल्या दोन्ही पक्षांना त्यासाठी शिक्षकाच्या शब्दावर विसंबावे लागते.

माध्यमाने लादलेल्या अडचणी वेगळ्याच. ॲक्रिलिकचे बंधक द्रव्य, म्हणजे रंगकण धरून ठेवणारा चिकट भाग, ओले असताना दुधी असते आणि वाळल्यावर पारदर्शक होते, म्हणून रंग वाळून गडद होतो. जलरंगात याच्या उलट अनुभव येतो. नमुन्याशी रंग जुळवण्याचा सराव त्यामुळे पट्टी वाळवूनच तपासावा लागतो. मे महिन्यात पंख्याखाली रंग पॅलेटवरच वाळून घट्ट होतो, म्हणून चपट्या डब्यात ओला कपडा आणि त्यावर बटर पेपर ठेवून काम करण्याची युक्ती रूढ झाली. जुलैत तीच पट्टी वाळायची वाट पाहण्यात तास संपतो.

अलीकडे लेबलांनीही गोंधळात भर घातली आहे. वर्गात ‘ह्यू’ म्हणजे रंगाची जात असे शिकवतात, पण ट्यूबवर नावापुढे ‘ह्यू’ छापलेले असले की आत मूळ द्रव्याऐवजी त्यासारखे दिसणारे दुसरे द्रव्य असते. प्रशियन निळा क्षारधर्मी माध्यमात टिकत नाही आणि ॲक्रिलिक क्षारधर्मी असते, म्हणून ॲक्रिलिकमधला प्रशियन निळा बहुधा ‘ह्यू’ असतो आणि त्यात थॅलो असतो. जलरंगातल्या सवयीने तो घेणाऱ्याचा हिरवा अपेक्षेपेक्षा फार भडक येतो. त्यावर उपाय म्हणजे ट्यूबच्या मागील बाजूचा बारीक सांकेतिक क्रमांक वाचणे. पीबी (पिगमेंट ब्लू) २७ म्हणजे प्रशियन, पीबी १५ म्हणजे थॅलो, पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन. स्वस्त ट्यूबवर हा क्रमांक बऱ्याचदा नसतो. तेव्हा कागदावर पांढऱ्यासोबत एक पट्टी ओढून पाहावी लागते.