अपिलातील अंतरिम अर्ज

मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेले दिवाणी अपील अंतिम सुनावणीला येईपर्यंत अनेकदा वर्षे जातात. त्या काळात पक्षकार जे अर्ज करतात, ते अंतरिम अर्ज. त्यांना दुय्यम समजणे चूक आहे. जमिनीचा ताबा तोवर कोणाकडे राहणार, हे बहुधा त्यांवरच ठरते.

सर्वांत निकडीचा अर्ज स्थगितीचा. नुसते अपील दाखल केल्याने खालच्या कोर्टाचा हुकूमनामा (दाव्यातील निर्णयाचा आदेश) थांबत नाही (दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश ४१, नियम ५). जिंकलेला पक्ष दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावून ताबा मागू शकतो. म्हणून अपीलकर्त्याला आपले मोठे नुकसान होईल, अर्जास अवाजवी उशीर केलेला नाही आणि पुरेसा जामीन (हमी) दिला आहे, हे दाखवावे लागते. पैशांच्या हुकूमनाम्यात रक्कम कोर्टात भरायला लावतात. समोरच्याने आधीच कॅव्हेट, म्हणजे कोर्टाला आगाऊ सूचना, दाखल केले असेल, तर त्याचे ऐकल्याविना आदेश होऊ नये, अशी अपेक्षा असते. कॅव्हेट ९० दिवस टिकते. स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले होते. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०२४ मध्ये ते रद्द ठरवले, आणि ते योग्यच झाले. सुनावणी लांबली यात पक्षकाराचा दोष नसतो.

उच्च न्यायालयात अपिलाची मुदत सर्वसाधारणपणे ९० दिवस. ती टळली तर विलंबमाफीचा अर्ज अपिलासोबतच जोडावा लागतो आणि 'पुरेसे कारण' पटवावे लागते.

सर्वांत घातक ठरतो तो मृत पक्षकाराचे वारस रेकॉर्डवर आणण्यातला, म्हणजे त्याच्या जागी पक्षकार म्हणून नोंदवण्यातला, उशीर. पक्षकार वारल्यापासून ९० दिवसांत अर्ज झाला नाही, तर त्याच्यापुरते अपील आपोआप संपुष्टात येते. वेगळा आदेश लागत नाही. ते पुन्हा उभे करायला पुढचे ६० दिवस मिळतात, त्यानंतर विलंबमाफी मागावी लागते. वाटणीच्या दाव्यात वीस-पंचवीस हिस्सेदार असतात, कोणी गावी, कोणी परगावी. त्यातला एक गेल्याचे वकिलाला कळतच नाही. हक्क अविभाज्य असेल, तर एका मृत्यूमुळे सगळेच अपील कोसळू शकते. म्हणूनच १९७६ च्या दुरुस्तीने पक्षकाराच्या मृत्यूची माहिती कोर्टाला देण्याचे कर्तव्य त्याच्याच वकिलावर टाकले.

नवा पुरावा दाखल करण्याचा अर्ज (आदेश ४१, नियम २७) मात्र अंतिम सुनावणीसोबतच ऐकायचा असतो.