कॅल्शियम हार्डनेस आणि टोटल अल्कलिनिटी: तलावातल्या पांढऱ्या थराला कारण कोणते?

पोहण्याच्या तलावाच्या पाण्याचा तपासणी अहवाल हाती घेतला, तर त्यात हार्डनेस आणि अल्कलिनिटी हे दोन आकडे बहुधा शेजारीशेजारी आढळतात आणि दोहोंपुढे ‘मिलिग्रॅम प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात’ असे एकच एकक लिहिलेले असते. त्यामुळे अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातले कॅल्शियमच, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात अल्कलिनिटीच्या चाचणीत कॅल्शियम मुळीच मोजले जात नाही, सोयीसाठी फक्त हिशेब त्या संयुगात मांडलेला असतो.

कॅल्शियम हार्डनेस म्हणजे पाण्यात विरघळलेले कॅल्शियम. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, आणि तलावाच्या पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. टाइल्सवर आणि हीटरच्या नळ्यांत बसणारा थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे एका आकड्यातले कॅल्शियम आणि दुसऱ्यातले कार्बोनेट एकत्र येऊनच तो तयार होतो. पाणी तापले की या संयुगाची विद्राव्यता घटते, म्हणून हीटरमध्ये तो आधी दिसतो.

किटमधल्या चाचण्याही वेगळ्या आहेत. हार्डनेससाठी नमुना आधी अल्कधर्मी करून ईडीटीए (कॅल्शियमला बांधून घेणारे रसायन) थेंबाथेंबाने घालतात आणि लाल रंग निळा झाला की थेंब मोजतात. अल्कलिनिटीसाठी सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालतात आणि सामान्यतः हिरवा रंग लाल होतो. कागदी पट्ट्यांवर पुष्कळदा ‘टोटल हार्डनेस’ असते, त्यात मॅग्नेशियमही मोजले जाते. थराच्या हिशेबाला ती पट्टी अपुरी पडते.

खरा फरक उपायांत आहे. अल्कलिनिटी वाढवायला खायचा सोडा पुरतो: एक लाख लिटर पाण्यात ती 10 ने वाढवायला साधारण 1.7 किलो लागतो. ती उतरवायला हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. त्याने पीएचही खाली येतो, पण कारंजे किंवा जेट चालवून पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर घालवला की पीएच परत चढतो आणि अल्कलिनिटी मात्र खालीच राहते. कॅल्शियमला असा उतार नाही. बाष्पीभवनात पाणी जाते, कॅल्शियम मागे राहते, आणि तूट भरून काढायला बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी घेतले तर त्याबरोबर आणखी कॅल्शियम येते. ते कमी करायचे तर काही पाणी काढून मऊ पाणी भरणे किंवा आरओ, एवढेच मार्ग उरतात. म्हणून भरायच्या पाण्याची हार्डनेस आधीच तपासावी, असे माझे ठाम मत आहे.

थर बसेल की नाही हे लँगेलियर निर्देशांकावरून ठरवतात; पीएच, तापमान, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एकत्र धरून काढलेला हा एकच आकडा असतो. लँगेलियर यांनी तो 1936 मध्ये जलवाहिन्यांसाठी मांडला होता. तलावासाठी तो उणे 0.3 ते अधिक 0.3 या टप्प्यात ठेवतात. समजा, सायन्युरिक आम्ल (क्लोरीन उन्हात टिकावे म्हणून घालतात ते) नसलेल्या एका तलावात हार्डनेस 600, अल्कलिनिटी 150, पीएच 7.8 आणि तापमान 29 अंश आहे. निर्देशांक सुमारे 1.0 येतो, म्हणजे थर बसणारच. नुसते कॅल्शियम निम्मे केले तरी तो 0.7 च्या आसपास राहतो. त्याऐवजी कॅल्शियमला हात न लावता अल्कलिनिटी 70 आणि पीएच 7.4 वर आणला, तर निर्देशांक 0.25 पर्यंत उतरतो. अल्कलिनिटीसाठी साधारणपणे सांगितल्या जाणाऱ्या 80 ते 120 या टप्प्याच्या इथे थोडे खाली जावे लागते, पण इतक्या जड पाण्यात ते योग्यच आहे. मात्र अल्कलिनिटी कमी असली की पीएच लवकर ढळतो, तेव्हा तो अधिक वेळा तपासावा लागेल.

निर्देशांक फार खाली गेला तर पाणी उलट सिमेंटमधून आणि टाइल्सच्या सांध्यांतून कॅल्शियम ओढू लागते; अशा वेळी कॅल्शियम क्लोराइड घालतात. जड पाण्याच्या तलावात मात्र कॅल्शियम हायपोक्लोराइट टाळावे, कारण त्यातून मिळणाऱ्या दर 10 पीपीएम (म्हणजे मिलिग्रॅम प्रति लिटर) क्लोरीनमागे हार्डनेस किमान 7 ने वाढते. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटने ती वाढत नाही.