औषध आधी, उलगडा नंतर: रक्तवाहिनीच्या अस्तराचा स्राव

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला, म्हणजे एंडोथेलियमला, फारसा मान नव्हता. पेशींचा एकच थर, रक्त आणि ऊती यांच्यामधला पातळ पडदा, एवढीच त्याची ओळख. 1964 मध्ये एवाल्ड वाइबेल आणि जॉर्ज पलाडे यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींत काडीसारखे लांबट कण दिसले. जाडी मायक्रोमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, लांबी काही मायक्रोमीटरपर्यंत, आत एकमेकींना समांतर बारीक नळ्या. वर्णन चोख होतं, पण हे कण असतात कशासाठी, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं.

उत्तर आलं ते एका आजाराच्या बाजूनं. फिनलंडमधले डॉक्टर एरिक फॉन विलेब्रँड यांनी 1926 मध्ये ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातला आनुवंशिक रक्तस्राव नोंदवला होता. हिमोफिलियासारखाच (रक्त नीट न गोठण्याचा, बहुतेक मुलग्यांनाच होणारा आजार), पण मुलींनाही होणारा. ज्या प्रथिनाच्या कमतरतेमुळे तो होतो, त्याला पुढे त्यांचंच नाव मिळालं. हे प्रथिन अस्तरपेशी स्वतः बनवतात, हे 1973 मध्ये नाळेच्या शिरेतून काढून वाढवलेल्या पेशींवर सिद्ध झालं. आणि 1982 मध्ये ते नेमकं वाइबेल-पलाडे कणांतच साठवलेलं सापडलं. कणाच्या आतल्या आम्लधर्मी वातावरणात ते घट्ट गुंडाळलेलं असतं. बाहेर रक्तात पडलं की उलगडतं, त्याचे लांबच लांब धागे होतात आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या वाहत्या प्लेटलेट त्यांना अडकतात.

मग खरा प्रश्न उभा राहिला. इतका ज्वालाग्राही माल सतत उशाशी ठेवून पेशी तो वेळेआधी बाहेर कसा पडू देत नाही?

रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन आणि दाहात सुटणारं हिस्टामिन कण रिते करतात, तसंच अॅड्रेनालिन आणि व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरकंही. पण वाटा वेगळ्या. थ्रॉम्बिनची तऱ्हा तर विलक्षणच: ते पेशीवरच्या आपल्या रिसेप्टरचं, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाचं, टोक छाटतं, आणि छाटल्यावर उघडं पडलेलं नवं टोकच त्या रिसेप्टरला चालू करतं. 1991 मध्ये हे उघड झालं. तिथून पुढे पेशीच्या आत निरोप जातो तो जी-प्रथिनं या निरोप्यांमार्फत. (याच प्रथिनांच्या शोधासाठी गिलमन आणि रॉडबेल यांना 1994 चं नोबेल मिळालं.) थ्रॉम्बिनच्या वाटेवरचं जीक्यू नावाचं जी-प्रथिन पेशीतलं कॅल्शियम वाढवतं आणि काही मिनिटांतच कण पेशीच्या कडेला जाऊन रिकामे होतात. व्हॅसोप्रेसिनच्या वाटेवरचं जीएस हे जी-प्रथिन सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवतं. ही वाट संथ, पण टिकून राहणारी.

या दुसऱ्या वाटेचा इतिहास मला जास्त रंजक वाटतो, कारण इथे दवाखाना प्रयोगशाळेच्या पुढे धावला. व्हॅसोप्रेसिनसारखं बनवलेलं डेस्मोप्रेसिन सौम्य हिमोफिलिया आणि फॉन विलेब्रँड आजारात 1977 पासून वापरात आलं. ते चालतं हे दिसत होतं, का चालतं ते नाही. एक धागा मूत्रपिंडाच्या रुग्णांकडून मिळाला. ज्यांच्यात व्हॅसोप्रेसिनचा निरोप झेलणारा व्ही-2 रिसेप्टर जन्मतः सदोष असतो, त्यांच्या रक्तात हे औषध देऊनही फॉन विलेब्रँड प्रथिन वाढत नव्हतं. तोच रिसेप्टर अस्तरपेशींवरही असतो आणि जीएसला जागा करतो, हे त्यानंतर बऱ्याच काळानं पक्कं झालं.

ब्रेकही सापडले. 2003 मध्ये दिसलं की अस्तरपेशी स्वतःच तयार करत असलेलं नायट्रिक ऑक्साइड कण आणि पेशीपटल यांच्या मिलनाला लागणाऱ्या एनएसएफ प्रथिनाला रासायनिक बदल करून रोखतं. रॅब-27ए या छोट्या प्रथिनाचं वागणं मात्र साध्या 'चालू-बंद'मध्ये बसत नाही. मायरिप हे प्रथिन जोडीला असेल तर ते कणांना पेशीच्या आतल्या अॅक्टिन तंतूंना बांधून ठेवतं, एसएलपी-4ए हे दुसरं प्रथिन सोबत असेल तर त्याच कणांना बाहेर पाठवायला मदत करतं. कण परिपक्व नसताना अर्धवट प्रथिन सुटू नये, याची काळजी बहुधा असाच जोडीदार बदलून घेतली जाते.

डॉक्टरांना या सगळ्याची रोजची बाजू ठाऊक असते. डेस्मोप्रेसिनचे डोस लागोपाठ दिले की परिणाम घटत जातो. साठवलेले कण आधीच रिते झालेले असतात आणि नवे भरायला वेळ लागतो, म्हणून दोन डोसांमध्ये अंतर ठेवतात. मोठी शस्त्रक्रिया असेल तर केवळ या औषधावर न विसंबता तयार फॉन विलेब्रँड प्रथिनच शिरेतून देतात.