गोष्टीची वही घेतलीत, आता ती भरायची कशी?

या वहीला १६ पानं आहेत. चार कागद मधोमध दुमडून पिना मारल्या की तेवढीच होतात. सुरुवातीला २ पानं, शेवटाला ३ आणि मधल्या भागाला तब्बल ८ पानं दिली आहेत. उरलेली नावाला आणि चित्रांना. “मधेच एवढी जागा कशाला?” असं दुकानात बरेच पालक विचारतात, म्हणून हा कागद वहीसोबत देतो.

आपल्या अहिराणीत ‘कथा’ म्हणजे ‘कुठे’. “कथा चालना रे?” असं वाटेत कुणीही विचारतं. मुलाला गोष्ट लिहायला बसवताना हाच प्रश्न विचारा. तुझ्या गोष्टीतला पोरगा कुठे निघालाय? त्याला काय हवंय? याचं उत्तर आलं की सुरुवात झाली. राजा-राणी लागत नाही.

समजा, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आली आहे आणि गौरीला अंगणातल्या लिंबाला झोका बांधायचाय. कोण, कुठे, काय हवंय, सगळं एका वाक्यात आलं. इथेच बहुतेक मुलं लिहितात, “मग तिने झोका बांधला. मग ती खेळली. मग घरी गेली.” संपली गोष्ट! कारण गौरीला कुणी अडवलंच नाही. दोर गाईला बांधलेला असू द्या. ती आईची जुनी साडी घेते, पण साडी टर्रकन फाटते. म्हणून ती शेजारच्या आजीकडे जाते. आजीकडे दोर आहे, पण तो विहिरीच्या बादलीला. आजी म्हणते, आधी दोन हंडे भरून दे. आता ऐकणारा विचारतो, “मग?” हे ‘मग’ ऐकणाऱ्याच्या तोंडी आलं पाहिजे. लिहिणाऱ्याच्या वहीत मात्र ‘पण’ आणि ‘म्हणून’ हवेत. मुलाने लिहिलेल्या प्रत्येक ‘मग’खाली पेन्सिलीने रेघ मारा आणि तिथे या दोघांपैकी कोणता शब्द बसतो ते त्यालाच शोधू द्या. ८ पानं याच ओढाताणीसाठी आहेत. अडचणी दोन पुरतात, फार तर तीन. दुसरी पहिलीपेक्षा अवघड हवी.

शेवट मुलावर सोडा. झोका मिळाला नाही तरी चालेल, आजीच झोक्यावर बसली तर फारच छान. फक्त तो गौरीच्या खटपटीतून यावा. ‘आणि तेवढ्यात तिला जाग आली’ हा शेवट आम्ही इतक्या वह्यांत वाचलाय की मोजणं सोडून दिलं.

तात्पर्याला वहीत जागा ठेवलेली नाही, ती चूक नव्हे. परीक्षेत मुद्द्यांवरून गोष्ट लिहिताना तात्पर्य लिहायची सवय लागते. तिथे लिहू द्या.

आणखी एक, पेन हातात देण्याआधी गोष्ट तोंडी सांगू द्या. भाकरी थापता थापता ऐका, नाहीतर भुसावळच्या गाडीत ऐका. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी कागदावर उतरवली आणि त्यांच्या पश्चात १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. तुमचं पहिलीतलं लेकरू सांगेल ते तुम्ही लिहून घ्या. तिसरी-चौथीतलं स्वतः लिहील. आजी अहिराणीत बोलत असेल तर वहीतही तिला तसंच बोलू द्या. ‘शुद्ध’ केलेली आजी शाळेतल्या बाईंसारखी वाटते.

ऱ्हस्व-दीर्घ पहिल्या दिवशी तपासू नका. मूल लिहिता लिहिता तुमच्या तोंडाकडे बघायला लागलं की गोष्ट तिथेच थांबते. दोन-तीन दिवसांनी त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या. जिथे अडखळेल तिथे वाक्य लांबलेलं असतं, ते त्याचं त्यालाच कळतं. शुद्धलेखन त्यानंतर, लाल पेन न वापरता.

पहिलं पान कोरं ठेवलंय. नाव शेवटी सुचतं, तेव्हा ते सगळ्यात शेवटी लिहायचं.

मधली पानं कमी पडली तर वही घेऊन दुकानात या. चार पानांचा एक कागद मधे घालून पुन्हा पिना मारून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. येताना वही पावसात भिजणार नाही एवढं बघा, शाईपेनाने लिहिलेलं असेल तर पसरतं.